जामीन राहिलेला देव

बँकेच्या नोकरीत मी छत्तीस वर्षे काढली. या काळात माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा गेलेला प्रश्न कोणता, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे. ‘जामीनदार कोण?’ विहिरीवर मोटार बसवायची असो, म्हैस घ्यायची असो, नाही तर पिठाची गिरणी टाकायची असो, कर्जदार समोरच्या खुर्चीत बसला की दहा मिनिटांत बोलणे या प्रश्नावर येई आणि बहुतेकांची मान तिथेच खाली जाई. कारण या व्यवहारात एक जुनी अडचण आहे. ज्याची पत आहे तो गरिबाच्या कागदावर सही करत नाही. आणि जो आपला म्हणून आनंदाने सही करायला येतो, त्याची स्वतःचीच पत नसते. पतही आहे आणि आपलाही आहे, असा माणूस मिळणे कठीण.

ख्रिस्ती धर्मातला सर्वांत अवघड सिद्धान्त मला जो काही थोडाफार कळला, तो या अडचणीतून कळला. येशू ख्रिस्त हा पूर्णपणे देव होता आणि पूर्णपणे माणूसही होता, असे ख्रिस्ती लोक मानतात. अर्धा देव आणि अर्धा माणूस असे नव्हे, तर दोन्ही पूर्ण. हिशेबाच्या वहीत वाढलेल्या माणसाला हे विधान प्रथमदर्शनी चुकीचेच वाटते. शंभर अधिक शंभर बरोबर शंभर, अशी बेरीज कोणता लेखनिक मान्य करील? तरीही २०२५ साली ज्या निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली, तेथपासून आजतागायत कोट्यवधी माणसे या बेरजेवर जगत आणि मरत आली आहेत. इतक्या लोकांना गणित येत नव्हते, असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही.

मी तो बराच काळ मिटवला होता. १९९२ साली माझी बदली वसई भागातल्या एका शाखेत झाली. आमचे हेडकॅशियर त्याच पट्ट्यातले कॅथलिक होते. घरी सामवेदी बोलीत बोलणारे, ऑफिसात शुद्ध मराठी लिहिणारे. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा काविळीने आठ दिवसांत गेला. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. ओटीवर माणसे बसली होती. भिंतीवर क्रूस होता. अशा वेळी आपण जे बोलतो तेच मी बोललो. देवाची इच्छा, आत्मा अमर आहे, काळ हेच औषध आहे, वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाले, “साहेब, ते सगळं बरोबर असेल. पण आमच्या देवाला हे ठाऊक आहे. वरून बघून नव्हे, अंगावर घेऊन ठाऊक आहे.”

मी मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतो, असे मनात म्हटले आणि घरी आलो. पण ते वाक्य गेले नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला अशी वाक्ये मेल्यासारखी चिकटतात. पुढे कधीतरी मी वाचू लागलो, आणि लक्षात आले की, त्या हेडकॅशियरने ओटीवर बसून जे एका वाक्यात सांगितले होते, त्यासाठी बिशपांनी काही शतके भांडण केले होते.

आपल्याकडे सुशिक्षित हिंदूंनी येशूची सोय दोन प्रकारे लावली आहे. पहिला प्रकार राजा राममोहन राय यांचा. १८२० साली त्यांनी येशूचा उपदेश तेवढा निवडून पुस्तक काढले. चमत्कार आणि देवत्वाचा दावा बाजूला ठेवला. श्रीरामपूरचे मिशनरी त्यावरून त्यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. या प्रकारात येशू हा थोर गुरू उरतो. दुसरा प्रकार आपल्या घराघरांतला. आपल्याला देव अधिक झाल्याची अडचण नसते. राम, कृष्ण, दत्त आणि त्यांच्या शेजारी येशूचे कॅलेंडर. या प्रकारात येशू हा आणखी एक अवतार होतो. दोन्ही प्रकारांत आदर आहे, प्रेमही आहे. पण दोन्हींत एक हात वर करून प्रश्नच सोडून दिलेला आहे. पहिल्यात तो केवळ माणूस, दुसऱ्यात केवळ देव.

गंमत अशी की, ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच नेमक्या याच दोन सोयी त्यांच्यातल्याच लोकांनी करून पाहिल्या होत्या. काही जण म्हणत, येशूचे शरीर हा केवळ भास होता. देव कसा भुकेला होईल, देवाला खिळे कसे टोचतील? दुसऱ्या टोकाला चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा आरियस हा धर्मगुरू उभा राहिला. त्याचे म्हणणे, येशू हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ, पण शेवटी निर्माण केलेलाच. पिता अनादी आहे, पुत्र अनादी नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची परिषद बोलावली. पुत्र हा पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे, असे तिथे ठरले. पण मिटले नाही. पुढे काही जण ‘एकाच’ऐवजी ‘सारख्या’ तत्त्वाचा म्हणावे, असे सांगू लागले. ग्रीक भाषेत या दोन शब्दांत केवळ एका ‘आयोटा’चा, म्हणजे एका बारीक अक्षराचा फरक आहे. एका अक्षरासाठी एवढे रण माजले म्हणून पुढच्या काळातील विद्वानांनी त्याची टिंगल केली. मी करणार नाही. एका शून्याने काय होते, ते बँकेतल्या माणसाला विचारावे.

त्या काळी हा वाद केवळ पंडितांपुरता नव्हता. निस्साचा बिशप ग्रेगरी याने कॉन्स्टँटिनोपलच्या बाजाराची तक्रार करून ठेवली आहे. नाणे मोडून मागावे तर सराफ पुत्र अनादी की जन्मलेला यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारावा तर भटारी पिता मोठा असल्याचे सांगतो. ग्रेगरीला याचा वैताग आला होता. मला मात्र त्या सराफाविषयी आपुलकी वाटते. त्या माणसाला सुटे पैसे देता देता हा प्रश्न आपला वाटत होता. का वाटावा? कारण अथनेशियसने त्याचे मर्म सांगितले होते. ज्याला स्वतःलाच निर्माण केलेले आहे, तो दुसऱ्याला मरणातून सोडवू शकत नाही. या मतासाठी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. म्हणजे पहिली अट, तारणाऱ्याची पत देवाची हवी.

दुसरी अट ४५१ साली कॅल्सिडॉन येथे नक्की झाली. कॅल्सिडॉन म्हणजे आजच्या इस्तंबूलचा काडिकॉय हा भाग. तारणारा आपल्यातलाच हवा. येशू ही एकच व्यक्ती, तिच्यात देवत्व आणि मनुष्यत्व हे दोन स्वभाव. त्यांची मिसळ होत नाही, त्यांत बदल होत नाही, त्यांची फाळणी होत नाही आणि ते एकमेकांपासून सुटे होत नाहीत. चारही गोष्टी नकारात सांगितल्या आहेत, हे मला फार प्रामाणिकपणाचे वाटते. हे कसे घडते ते परिषदेने सांगितलेच नाही. कोणकोणत्या बाजूने चूक होऊ शकते तेवढे दाखवून कुंपण घातले आणि मधली जागा मोकळी ठेवली.

शुभवर्तमाने वाचताना या मोकळ्या जागेत काय आहे ते दिसते. होडीत दमून झोपी गेलेला येशू वादळाला गप्प करतो. शोमरोनातल्या विहिरीवर तो तहानेने एका परक्या बाईकडे पाणी मागतो. मित्र लाजर याच्या थडग्यापाशी तो आधी रडतो आणि मग मेलेल्याला हाक मारून उठवतो. उठवायचेच होते तर रडला कशाला? नाटक करणारा देव असता तर रडण्याची जागा वगळता आली असती. आणि सर्वांत कठीण प्रसंग गेथशेमाने बागेतला. उद्या मरण आहे हे कळल्यावर तो घाबरतो, हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो आणि शेवटी पित्याच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवतो. या एका प्रसंगावरून सातव्या शतकात पुन्हा वाद झाला. येशूला माणसाची स्वतंत्र इच्छा होती की नव्हती? होती, असे ठासून सांगणाऱ्या मॅक्सिमस नावाच्या वृद्ध साधूची जीभ आणि उजवा हात ६६२ साली कापण्यात आला. कापणारे सरकार ख्रिस्तीच होते. पुढे ६८०-८१ च्या परिषदेने त्याचेच मत मान्य केले. आपला देव आपल्यासारखा घाबरला होता, एवढे सांगण्यासाठी एका माणसाने जीभ दिली.

आता माझ्या जामीनदाराकडे येतो. कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने १०९८ साली ‘देव माणूस का झाला’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ पुरा केला. त्याचा युक्तिवाद कर्जाच्या भाषेत आहे. पापाचे देणे माणसावर आहे, म्हणून ते माणसानेच फेडले पाहिजे. पण ते इतके मोठे आहे की देवाखेरीज कोणाची ऐपत नाही. म्हणून फेडणारा एकाच वेळी देव आणि माणूस असल्यावाचून गत्यंतर नाही. बायबलात तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशूसाठी ‘जामीन’ हाच शब्द आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. मी शेकडो जामीनदारांना हे कलम समजावून सांगितले आणि सही करताना त्यांचा हात थरथरताना पाहिला. कलम १४० मात्र फारसे कोणाला माहीत नसते. जामीनदाराने देणे फेडले की धनकोचे सर्व हक्क त्याच्याकडे येतात. योहानाच्या शुभवर्तमानात म्हटले आहे की, न्याय करण्याचा अधिकार पुत्राला मिळाला, आणि तो मिळाला तो मनुष्याचा पुत्र आहे म्हणून. ज्याने आपल्या वतीने भरले त्याच्याच हाती वसुली आहे, ही कल्पना कर्जदाराला केवढा धीर देत असेल!

तरी अन्सेल्मवर माझा एक आक्षेप होता. देव एवढा दयाळू, तर कर्ज सरळ माफ का करीत नाही? याचे उत्तर मला धर्मग्रंथात नव्हे, १९९० च्या कर्जमाफीत मिळाले. त्या वर्षी केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची शेती कर्जे माफ केली. याद्या करता करता आमच्या रात्री गेल्या. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली, की माफ केलेली रक्कम नाहीशी होत नाही. कर्जदाराच्या खात्यावरून ती उतरते आणि दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडते. माफी फुकट नसते. घरातही तसेच. ज्याने आपल्याला खोल दुखावले त्याला खरोखर क्षमा केली, तर ते दुखणे आपल्यालाच पचवावे लागते. क्रूस म्हणजे देवाने तो आकडा स्वतःच्या नावे टाकून घेणे, असे समजले तर अन्सेल्म कोरडा वाटत नाही.

मराठी वाचकाला इथे दामाजीपंत आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, त्यामुळे ही कथा आजीच्या मांडीवर ऐकलेली. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीने बादशहाची कोठारे लोकांना खुली केली. शिक्षा ठरली. तेव्हा विठोबा विठू महार होऊन बेदरला गेला, धान्याची रक्कम भरली आणि चक्क पावती घेऊन आला. त्या काळात देवाने महाराचे रूप घेणे ही लहान गोष्ट नव्हे. भक्ताचे देणे देवाने भरले, हे आपल्यालाही परके नाही. रामाचेही तसेच. वाल्मीकींच्या युद्धकांडात देव त्याला त्याच्या देवत्वाची आठवण देतात, तेव्हा तो स्वतःला माणूस, दशरथाचा मुलगाच समजतो.

मग फरक कुठे राहिला? मला तो असा दिसतो. विठोबाने पावती घेतली आणि तो वेष उतरवून ठेवला. बादशहाने त्याच्या पाठीवर फटके मारले असते तर वळ उठले असते का, हा प्रश्न कथा विचारत नाही. कारण आपल्याला ती लीला आहे हे ठाऊक असते. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, तो वेष नव्हता, देह होता, आणि तो उतरवला गेला नाही. पुनरुत्थानानंतर संशयी थॉमसला येशूने जखमा दाखवल्या. मरण जिंकले, तरी वळ राहिले. ज्या थॉमसने त्या जखमा पाहून त्याला देव म्हटले, तोच पुढे केरळात आला, असे तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा सांगते.

मात्र या श्रद्धेच्या नावाने काय झाले तेही सांगितले पाहिजे. ४३१ च्या इफिसस परिषदेत नेस्टोरियस पाखंडी ठरला. मरियेला देवाची माता म्हणायला तो तयार नव्हता. त्याला मानणारे पूर्वेचे चर्च वेगळे पडले. कॅल्सिडॉनचा ठराव इजिप्त, आर्मेनिया आणि सिरियातल्या अनेकांनी मानला नाही, तेही वेगळे झाले. ही भांडणे समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. १५९९ साली गोव्याच्या आर्चबिशपांनी केरळात उदयंपेरूर येथे सभा भरवून नेस्टोरियसचे नाव प्रार्थनांतून काढायला लावले. सिरियाक ग्रंथ जाळले गेले. आणि मग ११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एकत्र सही करून जाहीर केले की, शब्द वेगळे असले तरी आमची श्रद्धा एकच आहे. पंधराशे वर्षांची थकबाकी एका सहीने मिटली. जळलेले ग्रंथ मात्र परत आले नाहीत. ज्याने सर्वांसाठी मार खाल्ला त्याच्या वर्णनावरून एकमेकांना मार देणे, याहून मोठी विसंगती कोणती असेल?

हा सिद्धान्त मराठीत आणण्याचे कामही भांडणाने झाले नाही, प्रेमाने झाले. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सने मुक्तिदात्याच्या येण्याची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापले गेले. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. परक्या देशातून आलेल्या माणसाने ज्ञानोबांच्या छंदात देवाच्या देह घेण्याविषयी बोलावे, हेसुद्धा एक प्रकारचे देह घेणेच आहे. पुढे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो, असे सांगत राहिले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

मी स्वतः ख्रिस्ती नाही आणि होण्याचा विचारही नाही. देव एकदाच आणि एकाच ठिकाणी माणूस झाला, हे मला मान्य करता येत नाही. माझा विठोबा मला पुरतो, असे मी अनेक वर्षे म्हणत आलो. पण २०१९ साली माझी पत्नी दीड वर्षाच्या आजारानंतर गेली. शेवटच्या महिन्यात रात्री तिच्या खाटेशेजारी बसलेलो असताना मला देवाचे सामर्थ्य आठवेना, त्याची लीला तर मुळीच आठवू नये असे वाटे. आठवत राहिले ते वसईच्या ओटीवरचे वाक्य. अंगावर घेऊन ठाऊक आहे.

तेराव्यानंतर काही दिवसांनी हेडकॅशियर भेटायला आले. ते कधीच निवृत्त झाले होते, ऐंशीच्या घरात होते. त्यांनी मला देवाची इच्छा वगैरे काही सांगितले नाही. बराच वेळ नुसते बसले. निघताना मी त्यांना इतकी वर्षे मनात ठेवलेला प्रश्न विचारला. म्हटले, “तुमचा येशू फक्त चांगला माणूस होता, असं उद्या सिद्ध झालं, तर तुमचं काय बिघडेल?”

ते म्हणाले, “मग साहेब, मी आणि तो, दोघंही रडत बसलो असतो.”

“आणि तो फक्त देव असता तर?”

“मग मी रडलो असतो, आणि तो बघत बसला असता.”

त्यांनी चपला घातल्या. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. निकेयापासून कॅल्सिडॉनपर्यंत सव्वाशे वर्षांत बिशपांनी जे ठरवले, त्याचा याहून नेमका गोषवारा मी अजून वाचलेला नाही. तो खरा आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. खरा असावा, असे मला त्या खाटेशेजारी वाटले होते, एवढे मात्र खरे.